पाड्यापर्यंत न पोचलेला वास्तुविशारद

वांगणी हे नाव उर्वरित महाराष्ट्राला १९९२ साली कळलं. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात १९९२-९३ मध्ये कुपोषणाने शंभराहून अधिक बालकं दगावली आणि मुंबईपासून काही तासांच्या अंतरावरचा हा डोंगराळ भाग वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. त्याच १९९२ च्या डिसेंबरात युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने ‘सांस्कृतिक भूदृश्य’ हा नवा वर्ग मान्य केला. माणूस आणि निसर्ग यांनी मिळून पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली जमीन, शेतं, पाणवठे, वाटा आणि वस्त्या हाही वारसाच आहे, असं त्यामागचं म्हणणं होतं. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. तरी जव्हार-मोखाड्यात वारशाबद्दल बोलायचं, तर दोन्ही एकत्र लक्षात ठेवाव्या लागतात. जिथे मुलं जगवण्याचा प्रश्न होता तिथे घरं, भिंती आणि डोंगर जपण्याची भाषा कुणी कोणत्या अधिकाराने करायची, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

या लेखापुढचा प्रश्न असा आहे: शासनाच्या सेवेतल्या वास्तुविशारदाची बांधीव वारसा आणि भूदृश्य यांच्या रक्षणात भूमिका काय आहे, काय राहिली आहे आणि काय असायला हवी? पालघर जिल्ह्यातले जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत येतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा जमातींचं हे घर आहे. इथे शासन हाच सर्वांत मोठा बांधकाम करणारा आहे. शाळा, आश्रमशाळा, आरोग्य केंद्र, अंगणवाडी, घरकुल, रस्ता, धरण हे सगळं तोच बांधतो किंवा त्याच्याच पैशातून उभं राहतं. म्हणून इथल्या भूदृश्याचं भवितव्य राजवाड्यांच्या जतनापेक्षा शासनाच्या रोजच्या नकाशांवर ठरतं, आणि नेमका तिथेच वास्तुविशारद आजवर पोचलेला नाही.

पदाचा इतिहास

आपल्याकडे शासकीय वास्तुविशारद हे पद ब्रिटिश काळात आलं. सार्वजनिक बांधकाम खातं त्याआधीपासून होतं, पण ते अभियंत्यांचं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इमारतींच्या रचनेसाठी ‘सल्लागार वास्तुविशारद’ नेमायला सुरुवात झाली. मुंबई सरकारचे सल्लागार म्हणून १९०१ मध्ये जॉन बेग आले. मुंबईचं जनरल पोस्ट ऑफिस त्यांचं काम आहे. त्यांच्या हाताखाली १९०४ मध्ये आलेले जॉर्ज विटेट पुढे त्याच पदावर बसले. गेटवे ऑफ इंडिया आणि प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, ही त्यांची कामं. विजापूरच्या घुमटाचा आणि गुजरातच्या मध्ययुगीन बांधणीचा अभ्यास करून त्यांनी मुंबईत एक नवी शैली रुजवली. गेटवेचं उद्‌घाटन ४ डिसेंबर १९२४ ला झालं.

या काळातलं एक विभाजन आजपर्यंत टिकलं आहे. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा झाला आणि जुन्या वास्तूंची जबाबदारी पुरातत्त्व खात्याकडे गेली. जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये जतनाची नियमपुस्तिका लिहिली, ती पुरातत्त्व अधिकाऱ्यांसाठी. नवं बांधायचं काम सार्वजनिक बांधकाम विभागाकडे राहिलं, जुनं जपायचं काम पुरातत्त्व विभागाकडे. या दोघांच्या मधे जी विशाल वस्ती आहे, म्हणजे स्मारक म्हणून जाहीर न झालेलं आणि तरीही जुनं, वापरातलं, लोकांचं असं जे बांधकाम आहे, त्याला कुणी वाली राहिला नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारच्या सल्लागार वास्तुविशारदाचा वारसा महाराष्ट्राच्या मुख्य वास्तुशास्त्रज्ञांकडे आला. हे कार्यालय सार्वजनिक बांधकाम विभागात आहे. न्यायालयं, रुग्णालयं, विश्रामगृहं, प्रशासकीय इमारती, महाविद्यालयं यांचे नकाशे तिथे तयार होतात किंवा तपासले जातात. काम मोठं आहे आणि मनुष्यबळ त्या मानाने थोडं. शिवाय या कार्यालयाचं कार्यक्षेत्र मुख्यतः शासनाच्या स्वतःच्या इमारतींपुरतं राहतं. इमारतीला लागून असलेली वस्ती, तिच्यामागचा डोंगर, शेजारचा ओढा यांच्याबद्दल मत देण्याचं बंधन त्याच्यावर नाही, आणि ते मत मागण्याचं बंधन दुसऱ्या कुणावर नाही.

कायद्याचे तीन थर

वारसा जपण्याचे कायदे आपल्याकडे कमी नाहीत. पहिला थर राष्ट्रीय आहे. १९५८ च्या कायद्याने केंद्रीय संरक्षित स्मारकं ठरतात. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आहे. पालघर जिल्ह्यात वसईचा आणि अर्नाळ्याचा किल्ला या छत्राखाली येतात. दुसरा थर राज्याचा. १९६० च्या महाराष्ट्र कायद्याखाली पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय राज्य संरक्षित स्मारकं सांभाळतं. तिसरा थर नगररचनेचा. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात विकास आराखड्यात ऐतिहासिक, नैसर्गिक आणि वास्तुदृष्ट्या महत्त्वाच्या स्थळांच्या जतनाची तरतूद करता येते. याच आधारावर मुंबईत १९९५ मध्ये देशातली पहिली शहरी वारसा नियमावली आली, तीन श्रेणींची यादी झाली आणि वारसा समिती बसली. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा इमारती, परिसर आणि नैसर्गिक स्थळांच्या जतनाची तरतूद आहे. राज्याच्या अशा वारसा नियमांत देवराया, टेकड्या, जलाशय, मोकळ्या जागा, पायवाटा हे शब्द आलेले आहेत, हे आवर्जून सांगायला हवं.

म्हणजे कागदावर दार उघडं आहे. पण यादी करायला माणूस लागतो. मुंबई-पुण्यात वारसा याद्या झाल्या, कारण तिथे वास्तुविशारद, इतिहासकार, नागरिकांच्या संस्था आणि वृत्तपत्रं होती. इंटॅक या संस्थेने २००४ मध्ये असंरक्षित वारशासाठी स्वतंत्र सनद काढली, तिच्यात परंपरेने बांधणाऱ्या कारागिरांच्या ज्ञानाला जतनाच्या केंद्रस्थानी ठेवलं. तिचाही उपयोग मुख्यतः शहरांत आणि तीर्थक्षेत्रांत झाला. आदिवासी तालुक्यात कायदा पोचतो तो बहुतेक वेळा वनकायदा म्हणून, आणि वारसा म्हणून जवळजवळ कधीच नाही.

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. साल्हेर, राजगड, प्रतापगड आणि खांदेरी हे राज्याच्या संरक्षणातले, बाकीचे केंद्राच्या. किल्ला म्हणजे नुसती तटबंदी नव्हे, त्याच्याभोवतालचा डोंगर, घाटवाट, माची, पाण्याची टाकी आणि पायथ्याचं गाव मिळून तो बनतो, ही समज या नोंदीने अधिकृत केली. तीच समज जव्हारच्या डोंगरांना लावली, तर काय दिसतं?

जव्हार-मोखाड्यात जपण्यासारखं काय आहे

सर्वांत आधी डोळ्यांत भरतं ते संस्थान. मुकणे घराण्याच्या या महादेव कोळी राज्याची परंपरा १३४३ पासून सांगितली जाते. सुरतेच्या पहिल्या स्वारीवर जाताना छत्रपती शिवाजी महाराज आणि जव्हारचे राजे विक्रमशाह यांची भेट जिथे झाली असं सांगतात, ते शिरपामाळ जव्हारजवळच आहे. भोपतगडासारखा किल्ला, गुलाबी छटेच्या दगडातला जयविलास राजवाडा, जयसागर जलाशय, १९१८ मध्ये स्थापन झालेली नगरपरिषद, राजे पतंगशाहांचं नाव लावणारं शासकीय कुटीर रुग्णालय ही या राज्याने मागे ठेवलेली ठसठशीत खूण. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि शेवटचे राजे यशवंतराव मुकणे पुढे लोकसभेत गेले. आदिवासी घराण्याने सहा शतकं चालवलेलं राज्य आणि त्याची राजधानी, एवढ्या एका कारणासाठीसुद्धा जव्हार शहराची वारसा यादी काळजीपूर्वक व्हायला हवी. इथे पाहणारा वास्तुविशारद राजवाड्यापाशी थांबला, तर त्याने अर्धंच पाहिलं असं होईल. बाजारपेठेतली लाकडी खांबांची घरं, दसऱ्याची आणि बोहाड्याची जागा, पाण्याची जुनी ठिकाणं मिळून ते शहर आहे. बोहाड्यात देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून सोंगं रात्रभर ज्या मोकळ्या जागेतून फिरतात, ती जागा बांधकामाखाली गेली तर मुखवटे संग्रहालयात राहतील आणि बोहाडा संपेल.

संस्थानाच्या पलीकडे पाडे आहेत. इथलं घर कुडाचं. सागाच्या किंवा ऐनाच्या मेढी, त्यांवर आढं आणि वासे, कारवीच्या काठ्या उभ्या बांधून केलेल्या भिंती, आतून-बाहेरून शेणमातीचं लिंपण, वर गवताचं किंवा कौलाचं छप्पर. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते, मुंबई-ठाण्याच्या डोंगरांत ती २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. फुलल्यानंतर ती वाळते आणि मग तिच्या काठ्या तोडायला मिळतात. घराच्या भिंतीचा आणि डोंगराच्या उताराचा असा थेट हिशेब या बांधणीत आहे. पावसाळ्यात अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या भागात उतरतं छप्पर, खाली ओढलेली वळचण आणि ओट्याची सावली यांना फार अर्थ आहे. कुडाची भिंत हवा आत येऊ देते, ऊन साठवत नाही आणि हलकी असल्यामुळे जमीन हादरली तरी माणसाच्या अंगावर मोठा भार टाकत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा जड आणि नीट न बांधलेल्या भिंतींची भीती याच जिल्ह्याने अनुभवली.

याच भिंतीवर वारली चित्र जन्मलं. लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या गाण्यांसोबत सवासिणींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, पालघट देवीला बोलवायचं, हा त्या चित्राचा मूळ संदर्भ. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने ते कागदावर आलं, जिव्या सोमा मशे यांनी ते जगभर नेलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. चित्राला अशी मान्यता आली, पण ज्या भिंतीवर ते लिहिलं जात होतं तिच्यासाठी कोणतीही यादी, नियम किंवा अनुदान नाही. आज विमानतळांच्या आणि सरकारी कार्यालयांच्या भिंतींवर वारली आकृत्या रंगवलेल्या दिसतात. त्याच वेळी पाड्यातल्या भिंती सिमेंटच्या होतात, आणि चौक लिहिण्याजोगी सारवलेली जागा कमी होत जाते.

तिसरी गोष्ट जमीन. वरकस उतारावरची नागली आणि वरई, खाचरातला भात, वाघोबाचं लाकडी किंवा दगडी ठाणं, देवराई, पाण्याचे झरे, एका पाड्याहून दुसऱ्या पाड्याला जाणाऱ्या पायवाटा. सूर्यमाळ-खोडाळ्याच्या पठारापासून दाभोसा धबधब्यापर्यंतचा हा पट्टा निसर्गरम्य म्हणून पर्यटकांना दाखवला जातो. त्यातलं बरंचसं मात्र माणसांनी हातांनी घडवलेलं आहे, आणि दिवाळीनंतर घरदार बंद करून वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांनी ते कसंबसं टिकवून धरलं आहे. दुसऱ्यांच्या घरांसाठी विटा पाडणाऱ्या या माणसांच्या स्वतःच्या घराची रचना कोण करतं, हा प्रश्न इथून पुढे टाळता येत नाही.

एक नकाशा, सगळ्या डोंगरांसाठी

उत्तर सरळ आहे: नमुना नकाशा. बांधकाम खात्यात आणि जिल्हा परिषदेत त्याला टाइप प्लॅन म्हणतात. अंगणवाडीचा, आश्रमशाळेचा, उपकेंद्राचा, घरकुलाचा एक ठरलेला आराखडा असतो. सोबत दरसूची असते. दरसूचीत असलेल्या बाबींचंच अंदाजपत्रक सहज मंजूर होतं, नसलेली बाब धरायची तर दर विश्लेषण करून वेगळी मान्यता घ्यावी लागते. कोणताही शाखा अभियंता, त्याच्यावर आधीच पन्नास कामांचा भार असताना, ही वाट धरत नाही. कारवीचा कूड, बोरिक आम्ल आणि बोरॅक्सच्या द्रावणात मुरवलेला बांबू, चुन्याचा गिलावा, दगडी जोतं आणि त्याला साजेसा ओटा यांचे दर आणि मोजमाप ठरलेले नसतील, तर ते प्रत्यक्षात येत नाहीत. भूदृश्य असं दरसूचीच्या ओळींमधून बदलत जातं.

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ पासून चालू आहे. तिच्यात किमान २५ चौरस मीटरचं घर अपेक्षित आहे, सपाट भागासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम भागासाठी १ लाख ३० हजार रुपये मिळतात. आदिवासींसाठी राज्याची शबरी घरकुल योजना आहे. कातकरींसारख्या विशेष असुरक्षित जमातींसाठी २०२३ च्या नोव्हेंबरात प्रधानमंत्री जनमन योजना आली. एका अर्थाने शासनाने इतिहासात पहिल्यांदा पाड्यातल्या प्रत्येक घराच्या रचनेत एवढा मोठा हात घातला आहे. इतक्या कमी वेळात इतकी घरं बदलण्याची ताकद कोणत्याही राजाकडे नव्हती. हे काम वास्तुविशारदाच्या मदतीशिवाय होतं, हा या विषयातला सर्वांत मोठा दोष मला दिसतो.

खुद्द योजनेतच याहून वेगळी वाट सुचवलेली होती. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि दिल्ली आयआयटी यांच्यासह ‘पहल’ नावाचा संग्रह काढला. प्रकृती, हुनर, लोकविद्या या तीन शब्दांवरून ते नाव घेतलं आहे. वेगवेगळ्या राज्यांच्या हवामान-विभागांनुसार, स्थानिक साहित्यात बांधता येतील अशा घरांचे नकाशे त्यात आहेत. कामाचा दर्जा चांगला आहे. पण पाड्यावर कुणी माणूस तो संग्रह उघडून कुटुंबासोबत बसत नाही, तोवर तो छापील राहतो. गवंड्याला जे येतं तेच बांधलं जातं: चार भिंती, सपाट स्लॅब किंवा पत्रा, समोर एक अरुंद पायरी. ओटा नसतो, म्हणून बायका दळण-निवडण उन्हात करतात. वळचण नसते, म्हणून भिंती भिजतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, म्हणून अनेक घरांत नव्या खोलीशेजारी कुडाची पडवी पुन्हा उभी राहते. कुटुंबं आपल्या गरजेने नकाशा दुरुस्त करत आहेत. शासनाच्या वास्तुविशारदाने त्या पडव्या मोजल्या असत्या, तर पुढचा नकाशा आपोआप सुधारला असता.

भुकेपुढे वारशाची भाषा

यावर एक आक्षेप येतो आणि तो मनापासून ऐकायला हवा. वांगणीच्या माणसाने सिमेंटचं घर मागितलं तर त्याला कारवी शिकवणारे तुम्ही कोण? कूड दर वर्षी सारवावा लागतो, गवताचं छप्पर बदलावं लागतं, उंदीर आणि साप आत येतात, चुलीचा धूर कोंडतो. पक्कं घर हे समतेचं चिन्ह आहे. शहरातल्या माणसाला कुडाचं घर सुंदर वाटतं कारण त्याला त्यात राहायचं नसतं.

हा आक्षेप खरा आहे. वारशाच्या नावाने कुणालाही गळक्या घरात ठेवणं हा अन्याय आहे, आणि १९९२ च्या आठवणीसमोर तर ते उच्चारणंही अवघड आहे. वावर-वांगणीनंतर जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आलं, आदिवासी विकास प्रकल्पाचं काम वाढलं, दवाखाने आणि अंगणवाड्या पाड्यांपर्यंत नेल्या गेल्या. हे व्हायलाच हवं होतं. माझं म्हणणं इतकंच की पक्कं घर आणि योग्य घर यांत निवड करायला लावू नये. मजबूत जोतं, धूर बाहेर नेणारी चूल, कौलाचं उतरतं छप्पर, रुंद ओटा, गुरांसाठी आडोसा आणि सारवता येईल अशी एक भिंत, हे सगळं एकाच घरात बसतं. ते बसवण्यासाठी प्रशिक्षित माणूस लागतो. श्रीमंत माणूस असा माणूस पैसे देऊन नेमतो. गरिबाच्या बाबतीत तो नेमण्याची जबाबदारी शासनाची आहे.

अंगणवाडीचंही तसंच. कुपोषणाशी लढणारी इमारत मुलाला बसावंसं वाटेल अशी हवी, उन्हाळ्यात थंड, पावसात कोरडी, स्वयंपाकाला वेगळी आणि उजेडाची जागा असलेली. तिची रचना हा आरोग्याचा प्रश्न आहे. ज्या वास्तुविशारदाला भूदृश्य कळतं त्यालाच ही अंगणवाडी चांगली जमेल, कारण वारा कुठून येतो आणि पाणी कुठून वाहतं हे दोन्हीकडे सारखंच पाहावं लागतं.

इतर ठिकाणी काय केलं

फ्रान्समध्ये १९४६ पासून शासकीय वास्तुविशारदांचा एक स्वतंत्र वर्ग आहे. त्यांची संख्या दोनशेच्या आत आहे आणि प्रत्येक जिल्ह्यात त्यांचं कार्यालय असतं. १९४३ च्या कायद्याने ऐतिहासिक स्मारकाभोवती ५०० मीटरचं क्षेत्र ठरवलं. त्या टापूत, स्मारकासोबत नजरेत येणाऱ्या बांधकामाला या वास्तुविशारदाची संमती लागते, तिच्याशिवाय महापौर परवानगी देऊ शकत नाही. १९३० च्या कायद्याखालच्या निसर्गस्थळांबाबतही त्याचं मत घेतलं जातं. या व्यवस्थेवर तिथे टीका होते. एका माणसाच्या आवडीवर फार काही अवलंबून राहतं, खिडकीच्या रंगावरून नागरिक वैतागतात, निर्णय उशिरा येतात. तरी त्या व्यवस्थेने एक गोष्ट साध्य केली: कुणाच्या तरी टेबलावर ‘हा परिसर माझी जबाबदारी आहे’ असं लिहिलेलं असतं.

केरळने दुसरी वाट घेतली. वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्या विचारांवर १९८५ मध्ये कॉस्टफोर्ड ही संस्था उभी राहिली. त्याच दशकात कोल्लमला पहिलं निर्मिती केंद्र सुरू झालं, जिथे कमी खर्चाचं स्थानिक साहित्य तयार होतं आणि गवंडी शिकतात. फ्रान्सकडून जबाबदारीची निश्चिती घ्यावी आणि केरळकडून हातांना शिकवण्याची पद्धत. दोन्ही एकत्र आल्या तरच डोंगराळ आदिवासी भागात उपयोग होईल, कारण इथे परवानगी नाकारून काही वाचत नाही, बांधणाऱ्याचा हात बदलावा लागतो.

महाराष्ट्राकडे या दोघांपेक्षा एक मोठं साधन आहे: ग्रामसभा. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनसंपत्ती जपण्याचा अधिकार दिला. २०१४ च्या राज्य नियमांनी पाड्यालाही गाव म्हणून मान्यता मिळण्याची वाट खुली केली. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क दिले, त्यात जंगल राखण्याचा आणि सांस्कृतिक वारसा जपण्याचा हक्क येतो. फ्रान्सच्या वास्तुविशारदाला जो अधिकार राज्याने वरून दिला, तो इथे कायद्याने खालीच दिलेला आहे. उणीव आहे ती तो अधिकार नकाशाच्या भाषेत मांडणाऱ्या माणसाची.

धरणं आणि मोठे प्रकल्प

घरं हळूहळू बदलतात, धरणं एका पावसाळ्यात. मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याजवळ मध्य वैतरणेचं शंभर मीटरहून उंच धरण मुंबईची तहान भागवतं. दमणगंगा-पिंजाळ नदीजोड प्रस्तावात जव्हार तालुक्यातल्या खिडसे गावाजवळचं पिंजाळ धरण आणि वाघ नदीवरचं खारगीहिल धरण येतं. अशा प्रकल्पांच्या अहवालांत विस्थापित कुटुंबं, बुडणारी जमीन आणि झाडं मोजली जातात. बुडणारी देवराई, पाड्यांना जोडणाऱ्या वाटा, वाघोबाची ठाणी, पाणवठे यांची एकत्रित वारसा नोंद कोणत्याही खात्याच्या जबाबदारीत स्पष्टपणे बसत नाही. पुनर्वसनाच्या वसाहती आखल्या जातात त्या पुन्हा नमुना नकाशावर, चौकोनी भूखंडांच्या रांगांत. एका उतारावर विखुरलेला पाडा सपाटीवर रांगेत बसवला की गुरांची वाट, ओट्यासमोरचं अंगण, दोन घरांमधली चालण्याची जागा नाहीशी होते.

याच जिल्ह्यातलं डहाणू १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर झालं आणि १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं. अनेक वर्षं त्या प्राधिकरणाने प्रकल्पांना प्रश्न विचारले आणि उत्तरं जाहीरपणे मागितली. सांस्कृतिक भूदृश्यासाठी असं विचारणारं कुणी जव्हार-मोखाड्यात नाही. शासकीय वास्तुविशारद एकटा धरण थांबवू शकणार नाही, आणि त्याने तसं करावं अशी अपेक्षाही नाही. काय गमावलं जाणार आहे याची लेखी, नकाशासह, मराठीत केलेली नोंद ग्रामसभेपुढे आणि शासनापुढे ठेवणं हे मात्र त्याचं काम आहे.

काय करता येईल

पहिलं, जव्हारला वास्तुविशारदाचं पद निर्माण व्हावं. सार्वजनिक बांधकाम विभागाचं आणि आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय तिथे आहेच. या पदाला जव्हार आणि मोखाड्यातल्या सर्व शासकीय बांधकामांचा, घरकुलांसह, सल्ला देण्याचा अधिकार असावा आणि त्याचं मत फाइलवर नोंदवणं बंधनकारक असावं.

दुसरं, वारसा यादी ग्रामसभेतून व्हावी. राजवाडा आणि किल्ला तर असतीलच, पण बोहाड्याचं मैदान, देवराई, झरा, कारवीचा उतार, जुनी पायवाट, संस्थानकालीन सार्वजनिक इमारत हेही असावं. नियमावलीत नैसर्गिक स्थळांसाठी जागा आहे, ती भरायला हवी.

तिसरं, दरसूचीत स्थानिक बांधणीच्या बाबी घालाव्यात: कूड, प्रक्रिया केलेला बांबू, कौलाचं छप्पर, चुन्याचं काम, दगडी जोतं. यासाठी नवा कायदा लागत नाही, मुख्य वास्तुशास्त्रज्ञ आणि मुख्य अभियंता यांनी एकत्र बसून केलेलं दर विश्लेषण लागतं.

चौथं, घरकुलाचे निदान चार-पाच पर्याय पाड्यातल्या बायकांसोबत बसून तयार व्हावेत, कारण घरात सर्वांत जास्त वेळ त्यांचा जातो. वीटभट्टीवर जाणाऱ्या तरुणांना वीटकाम येतंच. त्यांना कौल, बांबू आणि चुन्याचं प्रशिक्षण देऊन स्थानिक गवंडी म्हणून उभं केलं, तर स्थलांतराचे काही महिने तरी गावातच कामात जातील.

पाचवं, संस्थानकालीन किंवा जुनी शासकीय इमारत धोकादायक ठरवून पाडण्यापूर्वी जतनाचं ज्ञान असलेल्या वास्तुविशारदाचं दुसरं मत घेतलं जावं. पाडणं सोपं असतं, आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक करणारा कुणी नसेल तर नेहमी पाडणंच स्वस्त दिसतं.

यातली कोणतीही गोष्ट खर्चाच्या मानाने मोठी नाही. एका मोठ्या इमारतीच्या बांधकामाच्या तुलनेत एका वास्तुविशारदाचं कार्यालय ही किरकोळ बाब आहे. अडचण प्राधान्यक्रमाची आहे. बेग आणि विटेट यांच्या काळापासून शासकीय वास्तुविशारद राजधानीत, राजधानीच्या भव्यतेसाठी काम करत आला. लोकशाहीत त्याच्याकडून वेगळं काम हवं. शासन जिथे सर्वांत जास्त बांधतं आणि जिथले लोक स्वतःचा वास्तुविशारद नेमू शकत नाहीत, तिथे त्याची पहिली नेमणूक व्हायला हवी. तीन दशकांपूर्वी वावर-वांगणीने शासनाला पाड्यापर्यंत यायला भाग पाडलं. आता ते आलं आहे आणि बांधत आहे. बांधताना त्या डोंगराची, त्या घराची आणि त्या माणसांच्या जगण्याची रीत त्याला कळावी, ही मागणी वारसाप्रेमींइतकीच आरोग्य आणि समतेसाठी झटणाऱ्यांनीही करायला हवी. जव्हार-मोखाड्याच्या पुढच्या अंदाजपत्रकात त्या पदासाठी एक ओळ असावी, आणि ती मिळेपर्यंत ग्रामसभांनी आणि आपण सगळ्यांनी ती मागत राहावी.